कापराच्या कपाटातला चहा

माझ्या मुलाने देवांच्या कपाटाला रबराची पट्टी लावली, त्या दिवसापासून मी रागावलेलो होतो. तो राग मी कुणाला दाखवला नाही. पस्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवलेला माणूस राग गिळायला शिकतो. चुकीचा विग्रह करणाऱ्या प्रत्येकावर तो ओरडत बसला, तर वर्षभरात एक धडाही पुरा व्हायचा नाही. पण गिळलेला राग नाहीसा होतो, असे मला कधी आढळले नाही. माझा तर एका चहात जाऊन मुरला, आणि तो चहा माझा नव्हता.

पत्नी गेल्यावर मुलगा मला सौदी अरेबियात, जेद्द्याला घेऊन आला. तो तिथे एका बँकेत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात मला स्वतंत्र खोली मिळाली आणि खोलीत भिंतीत बसवलेले एक कपाट. ज्या फळीवर कुणीही सदरे ठेवले असते, त्या फळीवर मी माझा बाळकृष्ण, शाळिग्राम, शंख आणि घंटा मांडली.

"बाबा, देव इथेच राहू देत. हॉलमध्ये नकोत," मुलगा म्हणाला. "आणि बाहेर कुणापाशी बोलायचं नाही. कुणापाशीही म्हणजे कुणापाशीही."

"मी काय चोरी करतो आहे?"

"चोरी नाही हो. पण माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पोरीची शाळा, हे घर, सगळं एका कफीलच्या, मला हमी देणाऱ्या मालकाच्या, मर्जीवर उभं आहे. मला कटकट नको."

मी मान्य केले. रोज पहाटे कपाट उघडायचे, पूजा करायची, कापराची एक वडी लावायची आणि दार लावून घ्यायचे. एके दिवशी इमारतीचा रखवालदार वातानुकूलकाची नळी पाहायला आला आणि माझ्या खोलीच्या दारात नाक वर करून त्याने विचारले, हा वास कसला. "वडिलांच्या छातीचं औषध," मुलगा म्हणाला, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी तो काळ्या रबराची पट्टी घेऊन आला आणि कपाटाच्या दाराला चारी बाजूंनी चिकटवली. दार आता लावताना 'फस्' असा आवाज करी. फ्रिजचे करते तसा. माझे देव फ्रिजमध्ये गेले.

गावाकडून आणलेला कापूर संपला, तेव्हा मी तो शोधायला बलदमध्ये, शहराच्या जुन्या पेठेत गेलो. संध्याकाळी तिथे पायी हिंडायची मला सवय लागली होती. जुन्या घरांच्या लाकडी जाळ्यांखाली लागून लागून दुकाने होती. त्यांतल्या एका अत्तराच्या दुकानात काचेच्या बरणीत शुभ्र कापूर दिसला. दुकानदार माझ्याच वयाचा, डोक्याला पांढरी टोपी, हनुवटीवर मोजून वीस केस. चिनी होता; युन्नान प्रांतातला मुसलमान. हजला आला होता तो इथेच राहिला. वीसेक वर्षे भारत-पाकिस्तानच्या हाजींना अत्तर विकून त्याने हिंदी आत्मसात केली होती, आणि ती त्याच्या तोंडी थोडी तुटून, पण अचूक यायची.

मी कापूर मागितला. त्याने बरणीला हात लावला नाही. आधी माझ्याकडे नीट पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "घरात कुणी वारलं का?"

त्यांच्यात मृताच्या अखेरच्या स्नानाच्या पाण्यात कापूर घालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी गोंधळलो. खरे सांगायची बंदी होती, आणि तयार खोटे घरातच होते.

"नाही, नाही. छातीला लावायला. माझी छाती जरा..."

"अच्छा, छाती." त्याचा चेहरा मोकळा झाला. "मग बसा. चहा घ्या. छातीला चांगला."

इतक्या साध्या रीतीने मी त्या माणसाशी पहिलेच वाक्य खोटे बोललो. पुढची चार वर्षे, दर भेटीला, चहा ओतण्याआधी तो विचारी, "छाती कशी आहे, पंडितजी?" आणि दर भेटीला मी म्हणे, "बरी आहे." संस्कृत शिकवत होतो म्हटल्यावर मी पंडितजी झालो; मी त्यांना भाईसाहेब म्हणत असे.

त्या चहाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते त्याच्या स्वभावामुळे घडले. त्याचे नाव पु-अर. आपण ज्याला चहा म्हणतो, त्याच्याशी याचे नाते झाडापुरतेच. युन्नानच्या डोंगरांत चहाची झुडपे नसतात, उंच वृक्ष असतात. त्यांची मोठी पाने कढईत परतायची, हाताने वळायची आणि उन्हात वाळवायची. मग वाफ देऊन, फडक्यात बांधून, दगडाखाली दाबून भाकरीएवढी चकती करायची. फडक्याच्या गाठीने चकतीच्या तळाला खळगा पडतो. तो खळगा हाताने केलेल्या कामाची खूण. ओला ढीग लावून चार-सहा आठवड्यांत काळा करून टाकलेला 'पिकवलेला' पु-अरही मिळतो. भाईसाहेब त्याला चहा म्हणतच नसत. त्यांचा तो कच्चा पु-अर. कच्चा म्हणजे अर्धवट नव्हे. ज्याला कुणी घाई केलेली नाही, असा. तो कागदात गुंडाळून ठेवून द्यायचा, आणि मग हवा, दमटपणा आणि वर्षे त्याचे काय करतील ते करू द्यायचे.

करण्याची रीतही पाहण्यासारखी. बोथट दाभण चकतीच्या कडेतून आत सारून पापुद्रा सुटा करायचा, पान मोडू द्यायचे नाही. झाकणाच्या चिनी मातीच्या पेल्यात ते घालून उकळते पाणी ओतायचे आणि लगेच फेकून द्यायचे. पहिले पाणी पिण्याचे नसते, पानाला जागे करण्याचे असते. मी पहिल्यांदा ते पाहिले, तेव्हा माझा हात आपोआप आचमनासारखा वळला होता. दुसरे पाणी चार श्वासांपुरते ठेवायचे, तिसरे तितकेच, पुढचे थोडे अधिक. एकाच पानातून दहा-बारा पेले निघतात आणि प्रत्येकाची चव निराळी. सुरुवातीला कडू, मागोमाग तुरट. आणि घोट गिळून झाल्यावर, जिभेने आशा सोडल्यावर, घशाच्या मुळाशी गोडवा उमलतो. आमच्या आयुर्वेदात जिभेवरचा रस वेगळा आणि पचनानंतरचा विपाक वेगळा मानला आहे. मी भाईसाहेबांना म्हटले, या चहाचा रस तिक्त आहे, विपाक मधुर. त्यांनी हे दोन शब्द पाठ केले आणि नंतर कुठल्याही पाकिस्तानी गिऱ्हाइकाला गंभीरपणे ऐकवू लागले.

पहिले काही महिने मी माझे पितळी फुलपात्र घेऊन जात असे. सोवळ्याचा संस्कार एका दिवसात सुटत नाही. ते निमूट त्यात चहा ओतत. एकदा मात्र म्हणाले, "पंडितजी, तुमच्या भांड्याला चिंचेचा वास आहे. रोज मी चहा करतो आणि तुम्ही रस्सम पिता." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या पेल्यातून प्यायलो. हे मी मुद्दाम सांगतो आहे. हा चहा शेजाऱ्याचा वास घेतो, हे मला चार वर्षे आधी, माझ्याच फुलपात्रावरून, सांगितले गेले होते.

त्यांच्यापाशी एक चकती अशी होती की तिला दाभण लागले नव्हते. ती त्यांच्या थोरल्या भावाने केली होती, भाईसाहेबांनी घर सोडले त्या वर्षी. सात चकत्यांचा बांबूच्या सालीत बांधलेला जुडगा भावाने निरोपाला दिला. सहा संपल्या, सातवी भाऊ येईल तेव्हा फोडायची, असे त्यांनी ठरवले होते. भाऊ हजसाठी नाव लावून वर्षानुवर्षे थांबलेला. इतक्या काळात दोघांची भेट नाही. ही चकती ते स्वतःपाशी ठेवत नसत. खाली अत्तराचे दुकान, वरच्या खोलीत ऊद आणि मसाल्यांची पोती. ती एका देशबांधवाकडे असे. तो मायदेशी परत निघाला, तेव्हा भाईसाहेब चकती घेऊन माझ्यापाशी आले.

"पंडितजी, तुमच्या घरात मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूण नाही, अत्तर नाही. साऱ्या जेद्द्यात याहून स्वच्छ नाकाचं घर मला माहीत नाही. ही ठेवाल?"

मला इतका अभिमान वाटला, की तो आठवला तरी आज स्वतःचा संताप येतो. दोन्ही हात पुढे करून मी ती चकती घेतली. घरी आलो. स्वयंपाकघरात फोडणी, हॉलमध्ये नातीच्या रंगांच्या बाटल्या, मुलाच्या खोलीत दाढीचे सुगंधी पाणी. सबंध घरात निर्मळ जागा एकच. मी चकती देवांच्या कपाटात, बाळकृष्णाच्या खालच्या फळीवर, कापराच्या डब्याशेजारी ठेवली आणि दार लावले. 'फस्.'

वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस इतका मूर्ख कसा. मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे. उत्तर एवढेच, की माझ्या लेखी कापूर हा वास नव्हताच. वास कांद्याला येतो, अत्तराला येतो. कापूर म्हणजे पावित्र्य. तो लागल्याने काही बिघडू शकते, हा विचार मनात यायला जी जागा लागते, ती माझ्या संस्काराने आधीच भरून टाकलेली होती.

दीड वर्ष गेले. भावाचा नंबर लागला. हाजींचे जथे उतरायला पंधरा दिवस उरले असताना भाईसाहेब म्हणाले, चकती आणा, एकदा पाहून घेऊ. मी ती नेली. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, कागद उलगडला आणि चकती नाकाशी नेली.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी ते थबकले. मग पुन्हा हुंगले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"कापूर!" ते म्हणाले. "पंडितजी, कापूर आला यात!"

मला कपाटातला डबा आठवला. पण ते हसत होते. त्यांच्याकडे चांगला कच्चा चहा पुष्कळ जुना झाला, म्हणजे त्याला आपोआप कापराचा गंध चढतो, त्यांनी सांगितले. त्या डोंगरांत चहाच्या वृक्षांशेजारी कापराचे वृक्ष असतात. हा गंध सगळ्याच चहाला येत नाही, आणि आणावा म्हटला तर येत नाही. "माझा भाऊ आयुष्यभर म्हणायचा, आपल्या चहात एक दिवस कापूर येईल. तो हुंगेल ना, पंडितजी, तर रडेल. तुमच्या घराने केलं हे. तुमच्या घराने!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी हसलो. देव मला क्षमा करो, मी हसलो आणि घरी आलो.

कपाट उघडून डब्याचे झाकण पाहिले. ते सैल होते. नेहमीच सैल होते. डबा अर्धा झाला होता. मी रोज एकच वडी लावत असे. उरलेला कापूर बंद कपाटात उडून गेला होता, आणि रबराने त्याला बाहेर जाऊ दिले नव्हते. त्याला जायला एकच जागा होती.

त्या संध्याकाळी मी मुलाला सारे सांगितले आणि म्हणालो, उद्या मी त्यांना खरे सांगणार.

"काय सांगणार?" मुलगा उभाच राहिला. "कपाटात देव आहेत हे?"

"तेही सांगावं लागेल. नाहीतर कापूर कुठून आला?"

"बाबा, प्लीज. एका चहासाठी? तो माणूस खूश आहे ना? मग राहू दे ना खूश!"

"त्याच्या भावाने तो चहा स्वतःच्या हाताने केला आहे. भाऊ पहिल्या घोटाला ओळखेल. मग माझ्या मित्राची काय शोभा?"

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर तो एका खोट्या गोष्टीसाठी रडेल. ते अधिक वाईट."

"चहा आहे तो, बाबा! चहा! इथे माझी झोप उडते आणि तुम्हाला चहाचं पडलंय."

तेव्हा मी ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, तू तुझी भीती माझ्या देवांच्या दाराला चिकटवलीस. तू पढवलेलं खोटं मी चार वर्षं एका सज्जन माणसाच्या तोंडावर बोललो. ठेवायला दिलेली वस्तू तुझ्या त्या रबराने नासली. नात दारात येऊन उभी राहिली, "आजोबा, व्हाय आर यू शाउटिंग?" आणि मी गप्प झालो. खोलीत येऊन बसलो. पण तिथे दिसले ते असे, की पट्टी मुलाने लावली खरी, चकती तिथे ठेवणारे हात मात्र माझे. आणि त्या पहिल्या दिवशी मुलगा दुकानात माझ्याबरोबर नव्हता. त्या क्षणापासून माझा राग मुलावर टाकायची सोयही उरली नाही, आणि अशा रागाइतका जड राग मी कधी वाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कापराचा डबाच घेऊन दुकानात गेलो. त्यांनी पाणी चढवले.

"छाती कशी आहे, पंडितजी?"

"छाती ठीक आहे," मी म्हणालो. "ती कधी बिघडलीच नव्हती."

त्यांना कळले नाही. मी डबा समोर ठेवला आणि सांगत गेलो: कपाट, देव, पट्टी, डब्याशेजारची फळी. पाणी उकळून भांड्याचे झाकण थडथडू लागले तरी त्यांनी ते उतरवले नाही.

"डबा चकतीपासून किती लांब होता?" त्यांनी शेवटी विचारले.

मी वीतभर अंतर दाखवले.

"वीतभर." त्यांनी स्वतःची वीत पसरून तिच्याकडे पाहिले. "पंडितजी, तुम्ही इतकी शास्त्रं शिकलात."

"भाईसाहेब, मला घरात देव आहेत हे सांगायची भीती..."

"देव?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही पंडित आहात. पंडिताच्या घरी देव नसणार तर काय उंट असणार? मी कधी विचारलं? मी तुमच्या कपाटात कधी डोकावलो?" त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "चार वर्षं, दर नमाजात, मी तुमच्या छातीसाठी दुआ मागितली. दर नमाजात. मोजा तुम्हीच."

मी डबा उचलला.

"दुकान बंद करायचंय," ते म्हणाले. नमाजाच्या वेळी तिथे दुकाने बंद होतात, पण अजान झालेली नव्हती. आजूबाजूची सारी दुकाने उघडी होती. त्यांनी शटर माझ्यासमोर अर्धे खाली ओढले आणि मी वाकून बाहेर पडलो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते लिहिण्यात अर्थ नाही. पूजा करी, पण कापूर लावत नव्हतो. मुलगा जेवताना विचारी, "काय म्हणाले ते?" मी आमटी वाढून घेत असे. शहर हाजींनी भरले, मक्केकडे रिकामे झाले आणि पुन्हा भरू लागले. मुसलमान नसल्याने त्या रस्त्याने मला जाता येत नाही, हे मी एरवी सहज स्वीकारले होते. त्या दिवसांत तेही खुपे. भाऊ तिथे पोहोचला असेल, भेट झाली असेल, चहा झाला असेल किंवा फेकला गेला असेल.

एका दुपारी फोन आला. "उद्या दुपारी, असरच्या नमाजानंतर या. भावाचं विमान रात्री आहे. फुलपात्र आणू नका." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी गेलो तेव्हा थोरला भाऊ दुकानाच्या वरच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. किडकिडीत, नुकतेच मुंडण केलेले डोके, कढईने भाजलेली राकट बोटे. ऊद-मसाल्यांची पोती खोलीतून हलवलेली होती आणि खिडक्या सताड उघड्या. चकती मध्ये ठेवलेली, अजून अखंड. त्याने मला सलाम केला आणि दाभण उचलले. पापुद्रा सुटला. त्याने तो नाकाशी नेला.

त्याच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगले. मग त्याने पापुद्रा पेल्याच्या झाकणावर ठेवला आणि धाकट्या भावाशी बोलू लागला. भाषा कळत नव्हती, तरी बोलणे कळत होते. इतक्या वर्षांनी भेटलेला मोठा भाऊ जसा रागावेल, तसा तो रागावत होता: हळू आवाजात, न थांबता. सत्तरीला टेकलेले भाईसाहेब मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे बोट दाखवले नाही. नजरसुद्धा वळवली नाही. आणि मला उमगले, की त्यांनी भावाला माझे काहीही सांगितलेले नाही. दोष स्वतःवर घेतला आहे.

मला पुन्हा राग आला, या वेळी त्यांच्या मोठेपणाचा. माझे पाप दुसऱ्याच्या पाठीवर आणि मी पाहुणा म्हणून सतरंजीवर!

"त्यांना सांगा," मी हिंदीत म्हणालो. "नाहीतर मी सांगतो."

"गप्प बसा, पंडितजी. घरातली गोष्ट आहे."

भावाला हिंदी येत नव्हती. पण तो मशिदीत मुलांना शिकवणारा. अरबी जाणत होता. माझ्यापाशी बाजारात जमवलेली मूठभर अरबी होती. मी छातीवर हात ठेवला, त्याच खोट्या छातीवर, आणि म्हणालो, "अना. काफूर. फी बैती." मी. कापूर. माझ्या घरात.

तो बोलायचा थांबला. माझ्याकडे पाहिले, धाकट्याकडे पाहिले. भाईसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि मग सारे सांगितले असावे, कारण ऐकता ऐकता भावाने दोनदा माझ्या छातीकडे पाहिले. अखेर त्याने एक प्रश्न विचारला.

"विचारतोय, घरात रोज कापूर कशासाठी जाळता."

"देवांपुढे," मी म्हणालो. "जळून गेल्यावर मागे काही उरत नाही, म्हणून."

भाईसाहेबांनी ते सांगितले. भावाने पापुद्र्याकडे बोट केले आणि काहीतरी तुटक म्हणाला.

"म्हणतो, उरतं."

आणि त्याने पाणी चढवले.

पहिले पाणी त्याने फेकले. दुसरेही फेकले, तिसरेही. एरवी एकच फेकायचे असते. चौथे पेल्यात आले, आणि तो चहा नव्हता, मलम होते. डोळ्यांत पाणी आणणारे. आम्ही तिघे ते प्यायलो. पाचवे, सहावे. मी प्रत्येक घोटाला स्वतःवर नव्याने चिडत होतो, कारण प्रत्येक घोटाला माझ्या कपाटातली पहाट तोंडात येत होती, आणि ती इथे येण्याचे काही कारण नव्हते. सातव्याला कापूर टाळूपर्यंत चढला नाही. आठव्याला कडवटपणा दिसू लागला, खरा, पानाचा. नववा पेला भावाने उचलला, तोंडात घोळवला आणि डोळे मिटले.

मग तो फारच थोडे बोलला. भाईसाहेबांना ते मला सांगायला वेळ लागला.

"म्हणतो, खाली धूर आहे. आमच्या चुलीचा. त्या वर्षी लाकूड ओलं होतं, आई रोज ओरडायची."

मी माझा पेला उचलला. कापराच्या अगदी तळाशी, घोट उतरून गेल्यावर, ओल्या लाकडाच्या धुराचा पुसट वास होता, आणि मागोमाग घशात गोडवा. ते दोघे भाऊ मग बोलत राहिले, चूल, लाकूड, आई, काय असेल ते, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो. बारावा पेला होईपर्यंत गाडी आली. जाण्यापूर्वी भावाने चकती दोन्ही हातांनी मोडली. अर्धी स्वतःच्या पिशवीत घातली, अर्धी कागदात बांधून धाकट्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे हात करून काहीतरी बजावले.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, ही त्याच्याकडे ठेवायला देऊ नकोस."

मला माफी मिळाली, असे मी म्हणणार नाही. भाईसाहेब मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आले नाहीत.

त्या रात्री मी मुलासमोरच कपाटाच्या दाराची पट्टी ओढून काढली. ती सहज निघेना. नखांनी खरवडावी लागली. "बाबा, काय करताय?" तो म्हणाला. मी सांगितले, "बाहेर जाऊन मी सांगत सुटणार नाही, हा शब्द पाळीन. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुला ते चालणार नसेल, तर माझं तिकीट काढ." थोड्या वेळाने तो ओले फडके घेऊन आला आणि दारावर राहिलेला काळा डिंक पुसू लागला. डिंक निघाला नाही. माझा रागही पुरता निघाला नाही. त्या दोघांचे डाग एकाच दारावर राहिले आहेत.

आठ दिवसांनी मी दुकानात गेलो. कापूर मागितला. भाईसाहेबांनी बरणीला हात लावला नाही.

"कशाला हवा?" त्यांनी विचारले.

"देवांना," मी म्हणालो.

त्यांनी तोलला, कागदात बांधला, दोऱ्याला दोन गाठी अधिक मारल्या. पुडी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"तिथे बसा," चहापासून सगळ्यात दूरच्या स्टुलाकडे मान करून ते म्हणाले, "दाराजवळ. आणि ती पुडी बाहेर ठेवून या."